चौकशीताईंचा तिसरा प्रश्न

मित्रांनो, माझी तार केव्हाच कापली गेली आहे, त्यामुळे जे सांगायचे ते आता थेट तुम्हालाच. मी एक जुना काळा टेलिफोन आहे. अंगाने जाड, आवाजाने खणखणीत, पोटावर नंबर फिरवायची तबकडी. मला जोडून, तपासून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले आणि ते खोके उघडले एका पंपांच्या कारखान्यात. तिथे नोकरभरतीच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. माझी मात्र कुणी चौकशी केली नाही.

त्या टेबलामागे बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीताई म्हणत. नवा माणूस घ्यायचा असला की त्याने अर्जात दिलेल्या लोकांना फोन करून तो कसा आहे हे विचारायचे, हे त्यांचे काम. त्या तीनच प्रश्न विचारत. कामाला कसा? वागायला कसा? आणि तिसरा, "तो परत आला, तर घ्याल का?"

तिसरा प्रश्न विचारला की ताई पेन्सिल खाली ठेवत. "गोड काय, कुणीही बोलतं," त्या म्हणत. "उत्तर यायला किती वेळ लागतो ते ऐकायचं." ती शांतता माझ्या तारेतून जायची. भल्याभल्यांचे पितळ तिथे उघडे पडले. कारखान्याचे साहेब आमचे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

गर्वाचे घर खाली, हे काही खोटे नाही. एकदा एका टर्नरचा, म्हणजे लेथवर लोखंड कातणाऱ्या कारागिराचा अर्ज आला. त्याने तेव्हाच्या मालकांचा नंबर देऊन खाली लिहिले होते, 'नोकरी पक्की होईपर्यंत इथे फोन करू नये.' ते वाक्य टाचणी लावलेल्या फोटोखाली झाकले गेले. ताईंनी फोटो उचलून पाहिला नाही. माझी तबकडी फिरली.

"अस्सं, नोकरी शोधतोय होय?" पलीकडून मालक म्हणाले. "बरं झालं सांगितलंत." आणि त्यांनी फोन आपटला.

मग ताईंनी फोटो उचलला. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. आपली तार आदल्या दिवशीच तुटली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टर्नर दारात उभा राहिला. "ताई, मला काल संध्याकाळीच काढलं. घरी आई आजारी आहे, बहीण शिकतेय. मी लिहिलं होतं हो."

ताईंनी सबब सांगितली नाही. "चूक माझी आहे. बसा," म्हणाल्या आणि साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "चौकशी पुरी झाल्याशिवाय कुणाला घ्यायचं नाही, हा नियम तुमचाच ना?"

ताई परत आल्या आणि टर्नरच्या देखत त्यांनी तोच नंबर फिरवला. मालक अजून धुमसत होते. "रागवायचं तर माझ्यावर रागवा," ताई म्हणाल्या. "त्यानं लिहिलेलं मी वाचलं नाही. एकच विचारते. तो परत आला, तर घ्याल का?"

पेन्सिल खाली ठेवलेली. टर्नर फरशीकडे बघत होता. मला फार भीती वाटली.

"न घ्यायला काय झालं?" लगेच उत्तर आले. "त्याच्यासारखा हात नाही माझ्याकडे. रागाच्या भरात बोलून गेलो. आत्ता पाठवा."

ताईंनी ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि टर्नरलाही सांगितले. तो म्हणाला, "एकदा हाकललं तिथं नको, ताई." साहेबांनी कागद वाचला आणि त्याच दिवशी तो आमच्याकडे लागला. तेव्हापासून ताई प्रत्येक अर्जावरचा फोटो उचलून बघत, आणि उमेदवाराला विचारल्याशिवाय मला हात लावत नसत.

पुढे टेबलांवर संगणकाचे पडदे आले. चौकोनांत खुणा करून चौकशी होऊ लागली. शांतता ऐकायला कुणाला सवड उरली नाही आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. ते दिवस आठवले की अजून गलबलून येते.

मित्रांनो, ज्याच्याविषयी आपण विचारतो तो बहुधा समोर नसतो. म्हणून त्याने काय लिहिले आहे ते आधी नीट वाचा.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी मला भंगाराच्या खोक्यात टाकले होते. टर्नरने, आता तो फोरमन झाला होता, मला बाहेर काढले, बाहीने पुसले आणि ताईंसमोर धरले.

"ताई, हा तुमच्याकडे यायला तयार आहे. घ्याल का?"

ताईंनी उत्तर द्यायला क्षणभरही वेळ लावला नाही.