शिंकेबाबाची समाधी

लाकूड कापायच्या कारखान्यामागे ही गर्दी जमली होती. भुशाने सगळ्यांची नाकं लाल. मधोमध स्टुलावर शिंकेबाबा. ज्याला शिंका आवरत नाहीत त्याच्या जिभेवर तो चिमूटभर पांढरी पूड ठेवायचा आणि म्हणायचा, "शिंक म्हणजे अडलेला अहंकार! तो सुटला की समाधी लागते. पण श्रद्धा पक्की असेल त्यालाच हं!"

आणि लागत होती. थोड्या वेळात शिंका बंद, आणि माणसं भिंतीला टेकून माना टाकत होती. बाकीचे हात जोडून बघत होते.

मी डॉक्टर. दवाखाना आटोपून आले होते आणि खरं सांगते, मला वाद घालायचाही कंटाळा आला होता. याआधी पाण्यात फुंकर मारणारा येऊन गेला, त्याआधी खडे विकणारा. पण माझ्या ताईचे यजमान मोठी करवत चालवतात. भावोजी रोज कामाआधी बाबाने दिलेली पुडी घेत होते. आदल्या दिवशी फळी सरकवताना त्यांचा डोळा लागला आणि बाही पात्यात गेली. नशीब, फक्त बाही.

"भावोजी, करवतीसमोर समाधी लागली, तर दुसरी समाधी आम्हाला बांधावी लागेल."

"तुझी श्रद्धाच नाही, तुला काय कळणार?"

मला एवढंच हवं होतं. त्यांच्या खिशातली एक पुडी मी तपासून घेतली होती. भुशाने मलाही शिंका येतच होत्या; दुसरी पुडी सगळ्यांसमोर माझ्या जिभेवर टाकली.

बाबा चाचरला. "श्रद्धा नसलेल्याला फळ मिळत नाही, बाई."

"मग घाबरता कशाला?" माझ्यासोबत आलेली ताई मागून म्हणाली.

भावोजींना मी माझ्याकडची गोळी दिली. "हवं तर बाबांचं नाव घेऊन गिळा." त्यांनी मनापासून नाव घेतलं आणि गोळी गिळली.

आम्ही बसून राहिलो. हळूहळू दोघांच्याही शिंका थांबल्या. भावोजींचे डोळे टक्क उघडे, माझी मान मात्र डुलायला लागली.

"डॉक्टरबाईंना समाधी लागली!" कुणीतरी ओरडलं.

"झोप लागतेय, बाबांनो," मी जड जिभेने म्हणाले. "नाकात भुसा गेला की शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं, त्याने शिंका येतात. मेंदूत तेच हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं. या पुडीत ॲलर्जीची जुन्या जातीची गोळी कुटलेली आहे. ती नाकातल्या हिस्टामिनला अडवते आणि मेंदूत शिरून तिथल्यालाही अडवते. भावोजींची गोळी नव्या जातीची, ती मेंदूत फारशी शिरत नाही. श्रद्धा त्यांची आणि समाधी माझी, हे कसं काय?"

"आत कुठेतरी श्रद्धा असणारच!" बाबा म्हणाला. दोघातिघांनी माना डोलावल्याही. मला रडू यायचं बाकी होतं.

भावोजी उठले. फाटक्या बाहीकडे बघत म्हणाले, "बाबा, आता तुम्ही पुडी घ्या आणि माझ्या जागी करवतीवर उभे राहा."

बाबाने पुडीच्या डबीचं झाकण खटकन लावलं. त्या आवाजाने माझ्या बोलण्यापेक्षा जास्त काम केलं.

माझं सांगणं एवढंच. कुणीही जिभेवर काही ठेवलं, तर आत काय आहे ते आधी विचारा. ॲलर्जीची गोळी घेतलीत, तर झोप येते का तेही विचारा; नव्या गोळीनेही काहींना थोडी सुस्ती येते. आणि यंत्रासमोर डोळा लागत असेल, तर त्याला झोपच म्हणा.

बाबा केव्हा सटकला ते मी पाहिलं नाही. ताईच्या खांद्यावर माझा डोळा लागला होता.