बाळ झोपलंय

कचेरीतल्या फोनवालीला सगळे 'रेडिओ' म्हणत. बंद करायचं बटणच नव्हतं तिला. पण तिच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमलंही नसतं. शहरातल्या एखाद्या इस्पितळात जन्मतःच काही व्यंग असलेलं मूल झालं, की त्याची माहिती या नोंदणी कचेरीत येई. मग रेडिओ त्या घरी फोन लावी. कुणी शिव्या घालत, कुणी म्हणत, 'आमच्या घरात असलं काही नाही.' जो कुणी 'या' म्हणे, त्याच्याकडे ताई जाई. अशा बाळांना धरायचं कसं, पाजायचं कसं, खेळवायचं कसं, हे शिकवणं ताईचं काम. जितकं लवकर तितकं बरं, हे तिचं पालुपद.

"ही आई बघ, फोनवर किती गोड बोलली," रेडिओ त्या दिवशी म्हणाली. "मुलगा आहे. डाउन सिंड्रोम, आणि हृदयाला छिद्र. त्यांनी घर बदललं, म्हणून आपली पत्रं परत येत होती. शेवटी जुन्या घराच्या शेजाऱ्यांकडून नंबर मिळवला. म्हणाली, बाळ झोपलंय, मंगळवारी सकाळी या."

मंगळवारी ताई जिना चढून वर गेली, तर बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. आई अगदी तरुण होती. केस नीट विंचरलेले, कपडे इस्त्रीचे. खोलीत स्वच्छ चटई अंथरलेली. तान्हं मूल असलेल्या घरात जो पसारा असतो, दुधाचा जो आंबूस वास असतो, तो कुठेच नव्हता. दोरीवर फक्त मोठ्या माणसांचे कपडे वाळत होते. ताईला वाटलं, सासू टापटिपीची असेल.

"उठला का?" पिशवीतून खुळखुळा काढत तिनं विचारलं.

"आधी चहा घ्या."

चहा झाला. आई कप उचलायला वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"तो नाहीये, ताई," ती म्हणाली. "गेला. महिना उलटून गेला. माहेरी गेले होते, तिथेच. झोपेतच."

दुसऱ्या गावातला मृत्यू, इथल्या नोंदणीला कळणार कसा? खुळखुळा वाजू नये म्हणून ताईनं तो मुठीत घट्ट धरला.

"मग फोनवर..."

"त्या बाईंनी त्याचं नाव घेतलं हो. कसा आहे म्हणून विचारलं. तो गेल्यापासून या घरात कुणी त्याचं नाव काढलेलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, झोपलाय. मग मागे फिरता येईना." ती समोर बसली. "रागावलात?"

"नाही गं."

"तुम्ही काय शिकवणार होतात, ते दाखवाल मला?"

"आता कशासाठी?"

"त्याला दूध पिताना ठसका लागायचा. सासूबाई म्हणायच्या, तुला धरताच येत नाही. माझं काय चुकलं, ते मला बघायचंय."

ताईला नको वाटलं. हिनं बाळाला उताणं पाडून पाजलं असेल, तर आता ते दाखवून हिच्या जिवाला जन्माचा घोर लावायचा? पण नाही म्हटलं, तरी ही रोज स्वतःलाच खात बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं पिशवीतला टॉवेल काढला, बाळाएवढी गुंडाळी केली आणि आईच्या हातात दिली. "तू कशी धरायचीस, ते आधी दाखव."

आईनं गुंडाळी कुशीत घेतली. डोकं उंच, पाठ हातावर, हनुवटीखाली एका बोटाचा हलकासा आधार.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. आडवा धरला की घुसमटायचा. असा धरला की जरा बरं प्यायचा. दोन घोट झाले की थांबायचं, परत दोन घोट."

"मी हेच शिकवणार होते."

"अगदी असंच?"

खोटं बोलणं ताईच्या जिवावर आलं. "कोपर थोडं वर घे म्हटलं असतं. बस, तेवढंच. पण कोपरानं काही झालेलं नाही. तुला दिवस गेलेत हे जेमतेम कळलं असेल ना, तेव्हाच त्याच्या हृदयात ते छिद्र राहून गेलं होतं. तुझ्या हातात ते नव्हतंच."

"तुम्ही आधी आला असतात तर?"

"जगला असता, असं मी म्हणणार नाही. पण तू एकटी पडली नसतीस."

आई त्या गुंडाळीवर वाकली आणि हमसून हमसून रडली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तेवढ्यात दार उघडलं. नवरा बसड्रायव्हर होता, जेवायला घरी आला होता. बायकोच्या कुशीतला टॉवेल बघून तो दारातच थिजला.

"बाळाकडे आल्या होत्या," बायको म्हणाली.

तो चपला ठेवायच्या फळीवरच बसला. मग म्हणाला, "यांचा चहा झाला का?"

कचेरीत ताईनं सगळं सांगितलं, तेव्हा रेडिओ प्रथमच गप्प झाली. संध्याकाळी निघताना एवढंच म्हणाली, "मी त्याचं वजन विचारलं होतं गं. ती म्हणाली, वाढतंय."

काही आठवड्यांनी त्या आईचा ताईला फोन आला. नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या एकाला मुलगी झाली होती, तशीच. लहानशा खाजगी दवाखान्यात जन्मलेली. कुणी कुणाला कळवलंच नव्हतं. "तुम्ही जा, ताई. पण माझं नाव सांगू नका. बाळ गेलेल्या बाईनं पाठवलं म्हटलं, तर दारात उभं करणार नाहीत."

ताई गेली. मुलगी गुटगुटीत होती, मान जरा ढिली, पण हृदय धडधाकट. त्या घरी ताईच्या खेपा सुरू झाल्या. अधूनमधून बाळ गेलेल्या त्या आईचा फोन येई. "कशी आहे ती?" एवढंच ती विचारी, आणि ताई सांगे ते सगळं ऐकून घेई.

एकदा ताई उत्साहात बोलून गेली, "आज आधाराशिवाय बसली बरं का!"

"बरं झालं," पलीकडून आई म्हणाली. "आता मी फोन नाही करणार, ताई. राग मानू नका. मला नाही सोसत."

"नको करूस," ताई म्हणाली.

तिनं खरंच परत फोन केला नाही. ताईनंही केला नाही. त्या मुलीची आई मात्र मधूनच विचारी, "आम्ही तर कुणाला सांगितलं नव्हतं. आमचा पत्ता तुम्हाला दिला कुणी हो?"

"नोंदणीत होता," ताई म्हणे, आणि मुलीचे दोन्ही हात धरून तिला उभं करू लागे.