भुलाबाईची चाल कोणाची?

टीव्हीवर तेलाची जाहिरात लागली अन् उज्वलाच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. उद्याच्या आष्टीच्या बाजारासाठी ती भाजी निवडत बसली होती, आणि तिकडे कोण कुठली नटवी बाई तिच्याच चालीवर पुऱ्या तळत होती! मागच्या वर्षी भुलाबाईच्या सणाला बायांनी मिळून म्हणायला उज्वलानं स्वतः बांधलेलं गाणं. शब्द तेवढे बदललेले, चाल जशीच्या तशी.

आठ दिवसांनी नागपूरहून जाहिरातवाला रजत आला. "कार्यक्रमासाठी" म्हणून गाणं मोबाइलवर भरून नेणारा हाच तो. सोबत साडी, पाच हजारांचं पाकीट आणि एक कागद. त्यावर छापलेलं, ही पारंपरिक लोकधून आहे, माझा हिच्यावर काही हक्क नाही.

"पारंपरिक? अरे मेल्या, मी बनवली ते!"

रजतनं शांतपणे मोबाइल पुढे धरला. मागच्या वर्षीचा उज्वलाचाच आवाज, "गाणं काय एकीचं असते का भाऊ? आमच्या आळीतल्या साऱ्या बायांचं हाये."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. आता या दीडशहाण्याला कोण सांगणार! भुलाबाईच्या गाण्याला कोणी "माझं" म्हटलं, की बाया वर्षभर म्हणतात, शेफारली बया. म्हणून जिनं रचलं तीच आधी म्हणते, आपल्या सगळ्यांचं. रिवाजच तसा. अन् त्या चांगुलपणाचा या नालायकानं पुरावा करून ठेवला होता!

"ताई, चाल तुमची ठरली तर जाहिरात लागेल तेव्हा तेव्हा तेलाच्या कंपनीला रॉयल्टी द्यावी लागेल," रजत म्हणाला. "लोकधुनेसाठी कोणालाच द्यावी लागत नाही. वकिलांना फक्त सही पाहिजे." मग तो तिच्या सासूकडे, मंदाबाईंकडे वळला. "आजी, तुम्ही तर लहानपणापासून ऐकता ना हे? साक्षीदार म्हणून इथे अंगठा द्या."

आळीत सुनांना त्यांच्या जागी ठेवण्यात मंदाबाईंचा हात कोणी धरत नसे.

"खोटं कायले बोलू बाबू?" मंदाबाई म्हणाल्या. "तीन दिवस भाजी करपवली हिनं या चालीपायी. गॅसपाशी उभी राहून सारखी गुणगुणे. मीच शिव्या घातल्या तिले. तवा कुठी होती रे तुही कंपनी?"

उज्वलानं रजतच्या खिशातला पेन ओढला, "पारंपरिक" शब्दावर कागद फाटेपर्यंत काट मारली आणि वर आपलं नाव लिहिलं.

"असं लिहिलं तर कंपनी घेणार नाही, ताई."

"मंग बंद कर जाहिरात! आजच्या आज!"

साडी-पाकीट त्याच्या अंगावर फेकून ती दारात गेली, आणि दोन्हीकडच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, जन्मात पहिल्यांदा, ओरडली, "ते गाणं माह्यं हाये! मी बनवलं ते!"