शेकाचा गोटा आणि जिव्याचा पाय

मित्रांनो, मी एक जुना गोटा आहे. हसू नका! दगडाला काय कळतं, असं मनात आलं असेल तर ते आधी काढून टाका. मी जे पाहिलं त्याने माझीसुद्धा बोबडी वळली होती. आता मला मुळात बोलताच येत नाही, ही गोष्ट वेगळी.

खोडाळा गावाजवळच्या ओढ्यात मी लहानाचा मोठा झालो, म्हणजे खरं तर मोठ्याचा लहान झालो. पाण्याने घासून घासून अंगावर एक कोपरा ठेवला नाही. तिथल्या पाड्यावरच्या धोंडीबाईने मला उचललं, हातावर तोललं आणि म्हणाली, "ह्यो चांगला हाय. शेकायला बरा." तेव्हापासून मी तिच्या चुलीशेजारी राहायला आलो.

आमची रीत साधी होती. चुलीच्या गरम राखेत मला पुरायचं, ऊन झालो की जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायचं. मग धोंडीबाई मला आधी स्वतःच्या गालाला लावायची आणि म्हणायची, "आधी माझा गाल, मग तुझी कंबर." गालाला सोसलं तरच मी पुढे जायचो. भातलावणीच्या दिवसांत अख्खा पाडा कंबर धरून आमच्या ओटीवर यायचा. जाताना माणसं म्हणायची, "धोंडीबाय, तुझ्या गोट्यानं जीव वाचवला गं!" मी फुगून बसायचो. खोटं कशाला बोलू?

धोंडीबाईचा मुलगा जिव्या दिवाळीनंतर भिवंडीकडे खाडीतली रेती काढायला जायचा. नव्वद सालानंतरचे ते दिवस. तिथे ओल्या रेतीच्या पाट्या वाहता वाहता एकदा त्याची कंबर कडकन वाजली. कंबरेतून निघालेली कळ मांडीतून उतरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. उजवा पाय ओढत तो घरी आला, तेव्हा त्याची बायको काशी पांढरीफटक पडली. धोंडीबाईने लगबगीने मला राखेतून काढलं.

"राहू दे आये," जिव्या हसला. "दगडानं कोन बरा होतो?" त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. रेतीवरच्या मुकादमाने दिली होती. "तो बोलला, एक खा ले, दर्द भूल जाएगा."

आणि काय सांगू, दुखणं खरोखरच विसरला! थोड्या वेळात गडी ताठ उभा राहिला आणि भाताचं पोतं पाठीवर घेऊन चालू लागला.

"अरं, वजन नको उचलू!" काशी ओरडली.

"दुखतच नाय तर का नको?"

मी थक्क झालो. इतकी वर्षं मी नुसती ऊब देत होतो आणि ही एवढीशी गोळी दुखणंच गायब करते! माझी रवानगी नागली भरलेल्या कणगीमागे झाली. तिथे मी धूळ खात पडलो.

पण तिथूनही मला सगळं दिसत होतं. एका गोळीच्या दोन झाल्या, मुकादमाकडून नव्या पट्ट्या येत राहिल्या, मग मोजणं संपलं. जिव्या दिवसा पेंगायचा. गोळी चुकली की घामाने डबडबायचा आणि काशीवर खेकसायचा. एकदा तो बांधावरून आला तर काशी म्हणाली, "तुझी एक चप्पल कुठं हाय?" त्याने खाली पाहिलं. उजवी चप्पल पायातून कधी निसटली, त्याला कळलंच नव्हतं. तळव्यात बाभळीचा काटा रुतलेला होता आणि हा आपला हसत होता. 

मग तो थंडीतला दिवस आला. सासू-सून खोडाळ्याच्या बाजाराला गेल्या होत्या. जिव्याचा पाय गार पडला होता, म्हणून त्याला माझी आठवण झाली. त्याने मला राखेत पुरलं नाही, सरळ निखाऱ्यांवर ठेवलं. मग बाहेर ओढून वर पातळसा पंचा टाकला. गालाला लावायची रीत कुणाला आठवणार? गोळ्या घेतलेल्याच होत्या. उजवा पाय माझ्यावर ठेवून तो म्हणाला, "आता बरा वाटंल." आणि त्याचा डोळा लागला.

आता पाय ओढेल, मग ओढेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. मित्रांनो, तान्हं मूलसुद्धा चटका बसला की पाय ओढून घेतं! हा बाप्या हललाच नाही. पंचा करपला, मग दुसराच वास येऊ लागला. अरे देवा, मला तोंड असतं तर मी पाडा गोळा केला असता!

काशी दारात आली. "कसला वास येतोय?" मग तिने पाहिलं आणि किंकाळी फोडली.

जिव्या दचकून उठला. "काय झाला? कशाला बोंबलतेस?"

काशीने नुसतं बोट दाखवलं. जिव्याने स्वतःच्या पायाकडे पाहिलं, परक्याच्या पायाकडे पाहावं तसं. "ह्यो... माझाच पाय हाय का?" त्याने विचारलं. ते शब्द माझ्या अंगावर अजून काटा आणतात.

त्याला जीपमध्ये घालून जव्हारच्या दवाखान्यात नेलं. त्याआधी काशीने मला उचलून कुंपणाकडे भिरकावलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते मी तिथे पडल्या पडल्या ऐकलं. परत आल्यावर काशी रडत शेजारणीला सांगत होती, "कंबरेत नस दबलीय, म्हणून पाय बधिर झालाय. गोळीनं दुखण्याचं तोंड दाबलं, आन् ह्यानं त्यावर पोती वाहिली. आता जखम चिघळली तर पाय कापायला लागंल."

गोळ्या एकदम सोडायच्या नव्हत्या, बाई सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या होत्या. नसेसाठी त्यांनी वेगळं औषध दिलं, ज्याची चटक लागत नाही. वजन उचलायचं नाही, गुडघ्याखाली उशी घेऊन निजायचं, थोडं थोडं चालायचं आणि शिकवलेला व्यायाम रोज करायचा. शेक फक्त कंबरेला चालेल, बधिर पायाला कधीच नाही.

ते दिवस फार वाईट गेले. जिव्या थरथरायचा, एका गोळीसाठी काशीच्या हातापाया पडायचा. शेवटी एकदा तो कण्हत म्हणाला, "आये, तुझा गोटा कुठं हाय?"

"नको! त्यानंच भाजलं," काशी म्हणाली.

"गोट्यानं नाय गं. ह्यो गालाला लावायचा इसरला," धोंडीबाई म्हणाली. तिने मला कुंपणाजवळून उचलून आणलं, धुतलं, उन्हात चांगलं वाळवलं, कारण ओला दगड विस्तवाजवळ फुटतो. मग राख, फडकं, गाल. मी जिव्याच्या कंबरेवर टेकलो. "गोळीएवढा आराम नाय पडनार," ती त्याला म्हणाली, "पन सकाळी उठशील तवा माझा जिव्याच उठंल."

जखम भरली. पाय वाचला, पण बधिरच राहिला. जिव्या रोज ओटीवर आडवा पडून व्यायाम करायचा आणि काशी चिडवायची, "उचल पाय, बाजीराव!" गोळ्या सुटल्या. पायाला मात्र जाग येईना.

भातकापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी धोंडीबाईने मला नेहमीसारखं गालाला लावून, पाय दुमडून बसलेल्या जिव्याच्या कंबरेशी ठेवलं. मी घसरलो आणि गडगडत त्याच्या उजव्या पावलाला टेकलो.

"आये गं! गरम!"

 काशीच्या हातातलं सूप खाली पडलं. "काय बोललास?"

"पायाला... गरम लागला."

तिने मला उचलून पुन्हा हळूच त्याच्या पावलाला लावलं. जिव्याने पाय ओढला. ओढला, मित्रांनो! काशी हसली, रडली आणि त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "ओरड! परत ओरड!" धोंडीबाईने उठून सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

आता धोंडीबाई नाही. काशी मला आधी स्वतःच्या गालाला लावते, मग जिव्याच्या, आणि त्यानंतर माझं काम सुरू होतं. मित्रांनो, दुखणं काही सांगत असेल तर त्याचं तोंड दाबू नका, जाणत्या डॉक्टरला ते ऐकवा. दुसऱ्याला शेक देताना आधी आपला गाल पुढे करा. आणि चटका बसला तर खुशाल ओरडा. त्या एका ओरडण्यासाठी आमच्या घराने जवळजवळ वर्षभर वाट पाहिली होती.