कमरेसाठी घेतलेली पिशवी

मी एक जुनी रबरी पिशवी आहे, गरम पाण्याने शेकायची. लाल रंग विटून विटकरी झाला, बूच दोनदा बदलले. चौकसपणा मात्र जन्मापासून तोच. साच्यातून बाहेर पडताच मी शेजारणीला विचारले होते, "आपल्याला नक्की कुठे ठेवतात गं?" मित्रांनो, त्याच प्रश्नाची ही गोष्ट आहे. ती मोठ्यांसाठी आहे. लहानांनी तूर्तास चेंडूचे आत्मवृत्त वाचावे.

अठरा वर्षांपूर्वी मला सासूबाईंनी विकत आणले. तेव्हा त्या सासूबाई नव्हत्या. त्यांचा मुलगा शाळेत जात होता. "कमरेसाठी हवी," असे त्यांनी दुकानदाराला सांगितले. पुढे त्यांचे यजमान वारले, कंबरही दुखेनाशी झाली आणि मी कपाटावर जुन्या उशांमागे जाऊन पडले.

मग घरात सून आली. ती शिलाई मशिनी दुरुस्त करते. मशीन आली की ती लगेच पाना उचलत नाही. आधी वही उघडते आणि विचारते, "बिघाड केव्हा होतो? त्याआधी काय करत होतात? किती वेळ टिकतो? कशाने थांबतो?" गिऱ्हाईक कुरकुरते, पण तिचे निदान सहसा चुकत नाही.

एका रविवारी तिने मला खाली काढले. बहिणीकडून परतलेल्या सासूबाईंना म्हणाली, "कंबर धरलीये." पण मला ठेवले कुठे? बेंबीखाली, ओटीपोटावर! गुडघे पोटाशी घेऊन तिने मला गच्च दाबून धरले. तासाभराने तिचा श्वास सैल झाला.

मला कोडेच पडले. पाळीच्या दिवसांत ती मला हात लावत नसे. दिवसभर जड मशिनी उचलूनही काही होत नसे. माझी आठवण व्हायची ती रविवारी दुपारी, सासूबाई बहिणीकडे गेल्यावर. नवरा-बायको खोलीचे दार लावून घेत. आतून हसणे ऐकू येई. थोड्या वेळाने ती भिंतीला धरून बाहेर येई आणि पाणी तापवायला ठेवी. मागे नवरा गोंधळून उभा असे. होता होता मला उलगडले. सुख शिखराला पोचले की त्याच्या मागोमाग ओटीपोटात कळ येत होती.

आता हे सांगायचे कोणाला? सुखाने दुखते म्हटले तर लोक हसतील, या भीतीने तिने नवऱ्यालाही कंबरच सांगितली. डॉक्टरांनाही तेच. त्यांनी कमरेला पट्टा दिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पखाल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, माझी चुलत आजीच, त्यामुळे ही म्हण मला जरा झोंबते.

पुढे पुढे ती रविवारीही दुरुस्तीच्या मशिनी घरी आणू लागली. नवरा शाळेची बस चालवतो, स्वभावाने शांत. दोन महिने तो गप्प राहिला, मग एका दुपारी म्हणाला, "तुला मी नकोसा झालोय का? तसं असेल तर सांग."

तिच्या हातातला पाना खाली पडला. "तू नकोसा नाहीस रे. नंतर दुखतं. कमरेत नाही... इथे."

मग त्याने तिचीच वही ओढली, कोरे पान काढले आणि तिच्याच सुरात विचारले, "बिघाड केव्हा होतो? त्याआधी काय करत होतात?"

"त्याआधी काय करत होतो ते तुला माहीत नाही?" ती रडता रडता हसली. पान मात्र दोघांनी मिळून भरले.

ते पान घेऊन दोघे स्त्रियांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासले, सोनोग्राफी केली. गाठ वगैरे नव्हती. "त्या क्षणी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळतात. तुमचे नंतर सुटतच नाहीत," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीचं कारण हेच असेल असं नाही, म्हणून तपासणं बरं." मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाणे सुरू झाले. श्वास कसा सोडायचा, स्नायू कसे सैल करायचे, हे ती महिनोन् महिने शिकली. काही रविवारी दुखते, काही रविवारी नाही. आता पाणी नवरा तापवतो आणि विचारतो, "कुठे ठेवू?" परवा तर मी स्टुलावर तशीच गार झाले, कोणी हात लावला नाही. बेकार राहिल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मित्रांनो, माझ्यात उकळते पाणी ओतू नका, काठोकाठ भरू नका, बूच घट्ट लावा. आणि ज्या बाईला माझी गरज लागते, तिला कुठे दुखते आणि केव्हा दुखते, हे एकदा मायेने विचारा.

काल सासूबाईंना कचऱ्यात तो पट्टा दिसला. "कंबर बरी झाली वाटतं?"

सून अडखळली. मग म्हणाली, "आई, कंबर नव्हतीच," आणि तिने सगळे सांगून टाकले.

सासूबाईंनी मला मांडीवर घेतले. माझ्या चिरांवरून त्यांचे बोट फिरत राहिले.

"माझीही नव्हती गं," त्या म्हणाल्या.

त्या मला कुठे ठेवत, हे मला अठरा वर्षे माहीत होते. त्यांना मात्र कोणी विचारलेच नव्हते.