पुदिन्याला अडवणारी बादली

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे आणि मला बूड नाही. तरीही मला काम आहे. ते कसं मिळालं, ते सांगते.

पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. जस्ताचा मुलामा चढवून, कडी बसवून मला बाजारात पाठवलं आणि मी दोन बहिणींच्या घरी आले. पुढे धाकटी लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली. थोरली दवाखान्यात परिचारिका होती, ती एकटीच राहिली. ती मला घासूनपुसून उन्हात पालथी घालायची. ही बादली माझ्याआधी थकायची नाही, असं शेजारणीला कौतुकाने सांगायची. पण मी थकले. बूड गंजून पाणी गळू लागलं आणि न्हाणीघरामागच्या अडगळीत माझी रवानगी झाली. तिथे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग बहिणींची आई वारली. ती दूर, आपल्या वेगळ्या घरात राहायची. शेवटच्या आजारात ती कुणालाच ओळखत नव्हती. फक्त पुदिन्याची पानं चुरडून नाकाशी धरली, की तिची नजर थोरलीवर येऊन थांबायची आणि ती तिला हाक मारायची. ते घर रिकामं करताना थोरलीने दोनच वस्तू आणल्या. आईची लाकडी खाट आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला पुदिना.

खाट तिने मागच्या खोलीत मांडली. पुदिना मात्र मोकळ्या जमिनीत लावू नकोस, असं धाकटीने तिला बजावलं. त्याची खोडं जमिनीलगत धावतात, जिथे टेकतात तिथे मूळ धरतात. आईची सगळी बाग त्याने अशीच गिळली होती. तेव्हा थोरलीला माझी आठवण झाली. तिने माझं उरलंसुरलं बूड छिन्नीने काढलं आणि मागच्या खोलीच्या खिडकीखाली मला पुरलं. काठ तेवढा चार बोटं वर ठेवला. पाणी खाली निथळावं, पण मुळांना बाजूला पसरता येऊ नये, अशी ती युक्ती होती. काठावरून डोकावणारे धुमारे ती दर आठवड्याला कातरायची. मला पुन्हा काम मिळालं, म्हणून मी हरखून गेले होते.

पण मित्रांनो, हळूहळू मला वेगळंच जाणवू लागलं. रोपं उजेडाकडे वाकतात. हा पुदिना उन्हाकडे पाठ करून खिडकीकडे वाकायचा. मातीत त्याची मुळं माझ्या पत्र्यावरून फिरायची. अंधारात एखादा माणूस दाराची कडी चाचपडतो ना, अगदी तशी. आणि तीही फक्त खिडकीच्या बाजूला.

एका दुपारी थोरलीने एक धुमारा कातरला आणि आत खाट करकरली. घरात दुसरं कुणीच नव्हतं. तिने खिडकीतून डोकावून पाहिलं. खाट रिकामी होती. तिने दुसरा धुमारा कातरला. पडल्यापडल्या कुणी कूस बदलावी, तशी खाट पुन्हा करकरली. थोरलीने कात्री मातीत ठेवून दिली. त्यानंतर तिने ती उचलली नाही.

धुमारे माझ्या काठावरून उतरले. अंगावरून गार बोटं फिरावीत तसं मला वाटलं. मी काय करणार? परसात एवढी ऊन खाणारी माती मोकळी होती, पण एकही धुमारा तिकडे वळला नाही. सगळे सरळ भिंतीकडे गेले आणि पायथ्याच्या फटीतून आत शिरले.

थोरलीने दवाखान्यात जाणं सोडलं. ती दिवसभर त्या खाटेवर पडून असायची. कुणी चौकशीला आलं, की बंद दाराआडून बरं आहे म्हणून सांगायची. मला तिचं हलकं बोलणं ऐकू यायचं. मध्येच ती थांबायची, जणू पलीकडून उत्तर येत आहे. मला उत्तर कधी ऐकू आलं नाही. पण तेवढ्या वेळात वारा नसतानाही पुदिन्याची पानं थरथरायची.

शेवटी शेजारणीने खिडकीच्या फटीतून आत पाहिलं आणि धाकटीला निरोप धाडला, की घरातली फरशी खालून आपोआप उचलली जातेय आणि ताई भिंतीसारखी पांढरी पडलीय. धाकटी गवंड्याला घेऊन आली. तिने आधी खिडकी सताड उघडली, म्हणून पुढचं सगळं मला कळलं. गवंड्याने दाराजवळची फरशी काढली. खाली कोरडी माती होती. भिंतीलगतची काढली, तिथे फक्त मुळांची एक बारीक दोरी निघाली. मग त्याने खाट सरकवून तिथली फरशी उचलली. खाली पांढऱ्याफटक मुळांची जाड चटई होती. तिच्यावर उजेड न पाहिलेली पांढरी पानंही होती. चटईच्या चारी कडा बरोबर खाटेच्या मापाच्या होत्या.

गवंड्याने हातातली थापी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, इथं कोण झोपतं?"

धाकटी कात्री शोधायला निघाली, तशी थोरलीने तिचा हात धरला.

"कापू नकोस. आई येतेय."

धाकटी तिच्याशेजारी बसली. तिने थोरलीचं हडकुळं मनगट हातात घेतलं.

"ताई, आई आली असती तर तिने आधी तुला जेवायला घातलं असतं. हे तुला उपाशी ठेवतंय."

थोरली बराच वेळ रडली. मग ती स्वतः बाहेर आली, मातीने माखलेली कात्री पुसली आणि माझ्या काठावरचे सगळे धुमारे कातरले. गवंड्याने मुळं उपसून काढली, फट सिमेंटने बुजवली. मुळं वाळवून जाळली, कारण ओला तुकडाही पुन्हा फुटतो. धाकटी महिनाभर राहिली. आता थोरली दवाखान्यात जाते, पोटभर जेवते, आणि दर आठवड्याला बोट फिरवून माझा काठ तपासते.

काठ ती तपासते, मित्रांनो. पण मातीखाली, खिडकीच्या बाजूला, माझा पत्रा झिजून पातळ झाला आहे. काल तिथे सुईएवढं भोक पडलं आणि आज त्यातून काहीतरी बारीक, गार बाहेर गेलं. मला तोंड नाही, मला हाक मारता येत नाही. तुम्ही त्या वाटेने गेलात, तर थोरलीला एवढं सांगा, की बादली बदल. आणि तुमच्या घरी कुणी वर्षानुवर्षं गुपचूप काही अडवून धरत असेल, तर त्याला अधूनमधून उकरून पाहा.