वहिनीची बरणी

वहिनीच्या दुरुस्तीच्या दुकानात, खिडकीशी, काचेची एक बरणी होती. आत काळ्याभोर चिपा, मुंग्यांसारख्या इवल्या पायांच्या. ऊन आलं की ते पाय चमकत, आणि वहिनीच्या डोळ्यांतली जुनी आग जागी होई.

धाकट्या दिराच्या कारखान्यात शीतगृहांचा गारवा सांभाळणारी कंट्रोल पॅनेलं बनत, आणि त्यांचा प्रोग्राम वहिनी लिही. एकदा भिंतीवर चढलं की पॅनेलनं पंधरा वर्षं तरी मुकाट राबायचं. त्यासाठी वहिनीनं पॅनेलचा मेंदू, म्हणजे मायक्रोकंट्रोलर चिप, निवडला होता तो स्वस्तच, पण उन्हाळा सोसणारा, आणि बनवणारे वर्षानुवर्षं पुरवतील असा. दिरानं तिला न विचारता त्याहून स्वस्त चिप आणली, खेळण्यांत घालतात तसली. पहिल्याच उन्हाळ्यात पॅनेलं अडकली. तेव्हा सगळ्या कारागिरांसमोर तो म्हणाला, "चिप सोन्यासारखी आहे. वहिनींचा प्रोग्रामच कच्चा!"

नवरा शेजारीच होता. त्यानं मान खाली घातली. वहिनी आपली हत्यारं उचलून बाहेर पडली ती पडलीच.

आता दिराची ती स्वस्त चिप बनायचीच बंद झाली, आणि त्याच्या बोर्डांवर दुसरी बसत नव्हती. बाजार पालथा घातला तरी मिळेना, आणि हमीतली पॅनेलं तर रोज परत येत होती. दीर दुकानात येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमच्याकडे म्हणे बरणीभर आहेत."

"दिसतायत की."

"द्या मला. मागाल तो भाव."

"भाव नको, भाऊजी. जिथं माझं नाव बुडवलंत, तिथंच वर काढा."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे जमले. दीर पुटपुटला, "निवड माझी होती. दोष चिपेचा होता."

"मागच्यांना ऐकू आलं नाही, भाऊजी."

त्यानं पुन्हा सांगितलं, ओरडून. मागं कुणीतरी खुदकन हसलं. नवऱ्यानं मान आणखी खाली घातली.

वहिनीनं बरणी दिराच्या ओंजळीत ठेवली. तान्ह्या बाळासारखी त्यानं ती छातीशी धरली. कारागिरानं एक चिप बसवली. दिवा लागेना. दुसरी बसवली. तिसरी. दिव्यांचे डोळे मिटलेलेच.

"चालत नाहीत या?"

"मेलेल्या कशा चालतील? तुमच्याच पॅनेलांतून उपटलेल्या आहेत. गिऱ्हाइकं आता माझ्याकडे येतात. मी माझी चिप घालून माझा बोर्ड बसवते आणि तुमची बरणीत टाकते."

"फसवलंत मला!"

"बरणी मागितलीत, बरणी दिली. भाव तेवढा विचारलात. चालते का, टिकते का, हे तेव्हा विचारलं नाहीत, कालही नाही."

नवरा दोन पावलं पुढं आला, तर तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारात मात्र ती थांबली.

"बरणी तेवढी रिकामी करून पाठवा, भाऊजी. अजून पुष्कळ यायच्या आहेत."